रेस्टिक काही महिने वापरल्यावर: बॅकअप ठेवायचा कुठे?

रेस्टिक हा कमांडने चालणारा बॅकअप प्रोग्रॅम वापरायला लागून आता बरेच महिने झाले. बॅकअप घेण्याच्या कामाबद्दल तक्रारीला जागा नाही. पहिल्यांदा सगळा डेटा जातो, नंतर फक्त बदललेले तुकडे, आणि बहुतेक वेळा आपल्याला पत्ताही लागत नाही. डोकं खर्च होतं ते डेटा ठेवायचा कुठे यावर. लोकल डिस्क, एसएफटीपी (एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून दुसऱ्या मशीनवर फाइली पाठवणं), रेस्ट सर्व्हर (रेस्टिकसाठीच बनवलेला सर्व्हर), अ‍ॅमेझॉनची एस३ ही क्लाउड साठवण आणि तिच्याशी जुळणाऱ्या सेवा, अ‍ॅझूर, गूगल क्लाउड, आणि यात न बसणाऱ्यांसाठी आरक्लोन (बाकीच्या क्लाउड सेवांशी जोडून देणारा प्रोग्रॅम), असे पर्याय भरपूर आहेत. मी निवडताना दोनच गोष्टी बघतो: तिथला डेटा कोण उडवू शकतं, आणि तो परत मिळायला किती वेळ लागतो.

सगळ्यात सोपी बाहेरची हार्ड डिस्क. एक गोष्ट इथे फार आवडली. डिस्क लावलेली नसताना रात्रीचं काम सुरू झालं, तर साधी कॉपी करणारी स्क्रिप्ट डिस्क जिथे जोडली जाते त्या रिकाम्या माउंट फोल्डरमध्येच, म्हणजे सिस्टिम डिस्कवर, फाइली ओतत बसते. रेस्टिकला तिथे रिपॉझिटरीची (बॅकअपचा डेटा असलेल्या फोल्डरची) कॉन्फिग फाइल सापडत नाही, म्हणून ते एरर देऊन थांबतं. ०.१७ आवृत्तीपासून याला १० हा वेगळा एक्झिट कोडही (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) आहे, त्यामुळे ‘डिस्क लावा’ असा नेमका निरोप स्क्रिप्टमधून पाठवता येतो. मात्र डिस्क कायम जोडलेली असेल, तर मशीनमध्ये शिरलेला रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही सोडणार नाही.

दुसऱ्या जागेच्या सर्व्हरवर सुरुवात एसएफटीपीने केली. पासवर्ड टाकून चालत नाही, एसएसएच की लागते, आणि ती ज्या युजरखाली क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) चालतो त्याची हवी. पत्ता लिहिताना कोलननंतर तिरकी रेघ दिली तर रूटपासूनचा पाथ, नाही दिली तर होम फोल्डरपासूनचा. पोर्ट वेगळा असेल तर यूआरएलसारखा पत्ता लागतो आणि रूटपासूनच्या पाथसाठी रेघ दोनदा द्यावी लागते. एवढ्याशा रेघेपायी रिपॉझिटरी भलत्याच ठिकाणी तयार होऊ शकते. पुढे तिथेच रेस्ट सर्व्हर बसवला, तो मुख्यतः अपेंड-ओन्ली मोडसाठी. नवीन डेटा लिहिता येतो, जुना उडवता येत नाही.

एस३ धाटणीच्या बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठवणीच्या कप्प्यात) हाच बंदोबस्त हाताने करावा लागतो. रोज बॅकअप घेणाऱ्या मशीनवरच्या अ‍ॅक्सेस कीला बकेटमधलं काहीही उडवता येत असेल, तर त्या मशीनमध्ये घुसलेल्या माणसालाही ते येतं. म्हणून त्या कीला डिलीटची परवानगी फक्त लॉक फाइलींच्या (काम चालू असल्याची खूण म्हणून रेस्टिक ठेवतं त्या) फोल्डरपुरती आहे. तीही काढली तर जुने लॉक साचतात आणि प्रून, म्हणजे नको असलेला डेटा खरोखर पुसणं, अडून बसतं. फर्गेट (जुने स्नॅपशॉट, म्हणजे एकेका वेळचे बॅकअप, यादीतून काढणं) आणि प्रून वेगळ्या मशीनवरून, वेगळ्या कीने चालतात. तिथे फक्त ‘शेवटचे इतके स्नॅपशॉट ठेवा’ असा नियम लावू नका. कुणी खोटे स्नॅपशॉट भरले, तर खरे आपोआप बाहेर पडतील.

स्वस्त आर्काइव्ह वर्गाच्या मोहात पडू नका. तिथला डेटा वाचण्याआधी बहुतेकदा परत मागवावा लागतो, त्यात काही तास जाऊ शकतात, आणि रेस्टिकला तर इंडेक्स (कुठला तुकडा कुठे आहे त्याची यादी) वाचल्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही. अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये किमान १८० दिवसांचं भाडं लागतं, म्हणजे त्याआधी प्रून करून फायदा शून्य.

एका रिपॉझिटरीतून दुसरीत कॉपी करण्याची सोय आहे, पण मी प्रत्येक ठिकाणी बॅकअप स्वतंत्र घेतो. एक रिपॉझिटरी बिघडली तर दुसरी तिच्यावर अवलंबून नको. कॉपी करायचीच असेल, तर दुसरी रिपॉझिटरी बनवतानाच पहिलीचे चंकर पॅरामीटर्स (फाइलींचे तुकडे कुठे पाडायचे ते ठरवणारी सेटिंग) घ्या. ते नंतर बदलता येत नाहीत, आणि वेगळे असले की तीच फाइल पुन्हा नव्याने साठते.

नुसतं ‘चेक’ चालवलं तर रिपॉझिटरीची रचना तपासली जाते, साठलेला सगळा डेटा वाचला जात नाही. मी दर वेळी ५% डेटा वाचायला लावतो. डिस्कवर ते झटपट होतं, पण बकेटवर डाउनलोडचे पैसे पडू शकतात, म्हणून तिथे कमी वेळा.

उणिवा? शेड्यूलर नाही, नोटिफिकेशन नाही, स्वतःचा ग्राफिकल इंटरफेस नाही. क्रॉन किंवा सिस्टिमडी जमत नसेल त्याने दुसरं काही बघावं. एक्झिट कोड ३ आला तर स्नॅपशॉट तयार होतो, पण काही फाइली वाचता आलेल्या नसतात, त्यामुळे माझी स्क्रिप्ट त्याला अपयशच धरते. आणि पासवर्ड हरवला तर डेटा कुठल्याच ठिकाणाहून परत मिळत नाही. रिपॉझिटरीला दुसरी की जोडून तिचा पासवर्ड या मशीनबाहेर लिहून ठेवा.