तीन कुलपांची पेटी : चर्चमधल्या बचत गटासाठी घ्यावी का?

गरीब कुटुंबांना मदत म्हटलं की बहुतेक चर्चच्या मंडळ्या धान्य, कपडे आणि सणाला थोडी रोख रक्कम वाटतात. घरात आजारपण असेल, छप्पर उडालं असेल, तर तेच लागतं. पण कमावतं माणूस असूनही महिनाअखेरीला सावकाराचं दार वाजवावं लागणाऱ्या घरात वाटप फार तर पुढच्या महिन्यापर्यंत पुरतं. अशा घरांसाठी चर्चच्या आवाक्यातलं सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे ग्राम बचत व कर्ज गटाचा संच : सभासद दर आठवड्याला आपली थोडी बचत तीन कुलपांच्या एका पेटीत टाकतात, त्यातूनच एकमेकांना व्याजाने कर्ज देतात आणि वर्षाअखेरीस सगळं वाटून घेतात. मात्र पेटीत चर्चचा पैसा घालायचा नाही आणि किल्ली पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) ठेवायची नाही, हे दोन्ही पाळता येणार नसेल तर तो घेऊ नये.

ही पद्धत १९९१मध्ये केअर या संस्थेने पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या मारादी भागात स्त्रियांच्या गटांबरोबर बसवली. पुढे ती चर्चच्या जाळ्यातूनही पसरली. रवांडात होप इंटरनॅशनल ही संस्था अँग्लिकन चर्चबरोबर असे बचत गट चालवते. इथिओपियात काले हेवेट चर्च आणि टिअरफंड ही ख्रिस्ती मदतसंस्था यांनी २००२पासून उभे केलेले स्वयंसहायता गट याच्या जवळचे, पण तिथे पैसा साठत जातो. या संचाच्या पद्धतीत ९ ते १२ महिन्यांनी पेटी पूर्ण रिकामी करून प्रत्येकाचा हिशोब चुकता होतो. नव्या, अजून एकमेकांवर विश्वास न बसलेल्या गटाला हे जास्त मानवतं, कारण चूक किंवा लबाडी वर्षापलीकडे दडून राहत नाही.

संचात तीन कड्यांची पत्र्याची पेटी, तीन वेगवेगळी कुलपं, सभासदांची पासबुकं, रबरी शिक्का, शाईचं पॅड, पैसे मोजायची प्लास्टिकची भांडी, दंडासाठी वेगळं भांडं, नाडीच्या दोन कापडी पिशव्या, पट्टी, पेनं आणि कॅल्क्युलेटर असतो. पेटी लोहाराकडून करून घेतली तरी चालते, फक्त कड्या वेल्डिंगच्या हव्यात. स्क्रूने बसवलेली कडी बाहेरून सुटते आणि मग तिन्ही कुलपं जागच्या जागी लटकत असताना पेटी उघडता येते. कुलपांबरोबर जादा किल्ल्या येतात. त्या पहिल्याच सभेत सगळ्यांसमोर मोडून टाकाव्यात.

गट १५ ते २५ जणांचा. अध्यक्ष, नोंद ठेवणारा, पेटी सांभाळणारा आणि पैसे मोजणारे दोघे अशी पाच जणांची समिती. तीन किल्ल्या समितीबाहेरच्या तिघांकडे. दर आठवड्याच्या सभेत प्रत्येकाने १ ते ५ शेअर, म्हणजे ठरलेल्या रकमेचे बचतीचे हप्ते, घ्यायचे. शेअरची किंमत गट ठरवतो, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. चांगली कमाई असलेले चारजण मोठा आकडा सुचवतात, बाकीचे संकोचाने मान हलवतात आणि दोन महिन्यांत गळायला लागतात. गटातल्या सर्वांत तंगीतल्या सभासदाला वाईट आठवड्यातही एक शेअर घेता येईल एवढीच किंमत ठेवावी. ज्याला जास्त साठवायचंय त्याला पाच शेअरची मुभा आहेच.

पासबुक या संचाची सगळ्यांत हुशारीने केलेली वस्तू. प्रत्येक सभेसाठी एक ओळ, ओळीत पाच चौकटी. तीन शेअर घेतले की तीन शिक्के, आणि उरलेल्या दोन चौकटींवर तिथल्या तिथे रेघ. रेघ मारली नाही तर नंतर कोणीही दोन शिक्के वाढवू शकतो. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा स्वतःचे शिक्के मोजू शकते. शिक्का बाजारात सहज न मिळणाऱ्या आकाराचा असावा, आणि शिक्का, पॅड, पासबुकं सगळं पेटीतच राहावं. पासबुक घरी न्यायची सवय लागली की नोंदींवरचा भरवसा उडालाच म्हणून समजा.

पैसे मोजणारे दोघे मोजतात, आकडा मोठ्याने सांगतात, आणि सभा संपताना पेटीतली शिल्लक सगळे पाठ करतात. पुढच्या सभेची सुरुवात त्याच आकड्याने होते. हा भाग वेळखाऊ म्हणून गाळणारे गट दिसतात. त्यांचा हिशोब मग एका वहीवाल्याच्या हाती जातो.

कर्ज साधारण दर चार आठवड्यांनी, आणि स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंतच. २,००० साठवणाऱ्याला जास्तीत जास्त ६,०००. पहिल्या वर्षी मुदत तीन महिन्यांच्या पुढे नसावी. दुसरी पिशवी समाजनिधीची : सगळ्यांची वर्गणी सारखी, आणि त्यातून आजारपण किंवा मयतीसाठी बिनव्याजी रक्कम किंवा थेट अनुदान. कर्जावरच्या व्याजाचा विषय मंडळीत निघतोच. गरिबाला उसने दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नको असं सांगणारं बायबलमधलं निर्गम २२:२५ कोणी ना कोणी वाचून दाखवतं. त्या वचनाचं वजन मान्य करून इतकं सांगता येतं की इथे व्याज बाहेरचा कोणी नेत नाही, ते बचत करणाऱ्यांकडेच परत येतं. ज्याला तेही पटत नाही त्याला फक्त बचत करू द्यावी.

वर्षअखेरचा हिशोब सोपा आहे. समजा २० सभासदांनी ४० सभांत मिळून २,४०० शेअर घेतले, शेअर १०० चा. बचत २,४०,०००, आणि व्याज-दंड धरून पेटीत २,८८,००० झाले. भागाकार केला की शेअर १२० चा. १५० शेअरवाल्याने १५,००० भरले होते, त्याला १८,००० मिळतात. वाटपाआधी सगळी कर्जं परत यायला हवीत, म्हणून शेवटचे तीन महिने नवं कर्ज बंद. याच काळात पेटीत रोकड फुगते आणि चोरीची भीती खरी होते. वाटपाची तारीख बाहेर बोलू नये, वाटप दिवसाउजेडी करावं, आणि पेटीवाल्याचं घर मंडळीबाहेर कोणाला कळू देऊ नये.

आता चर्चमध्ये हे कुठे बिनसतं ते पाहू. रविवारच्या उपासनेनंतर लगेच सभा घेतली की अर्पण आणि बचत एकाच टेबलावर येतात, आणि दशमांश (चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग) द्यायचा राहिलेल्या माणसाला बचत भरताना चोरट्यासारखं वाटतं. वार वेगळा ठेवा. पाळकांना मानाने अध्यक्ष केलं तर त्यांचं थकलेलं कर्ज मागायला कोणाची जीभ उचलत नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपाची तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ते काम स्वतःकडे न ठेवता सात जण निवडायला लावले. पाळकांना बाजूला राहायला सांगताना हे उदाहरण उपयोगी पडतं. चर्चने ‘सुरुवातीला थोडं भांडवल’ टाकलं की कर्जफेड ढिली पडते, कारण शेजारणीचा पैसा बुडवायला लाज वाटते, संस्थेचा बुडवायला तितकी वाटत नाही. चर्चने संच विकत द्यावा, पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी प्रशिक्षक द्यावा आणि बसायला खोली द्यावी. उपासनेला हजेरी ही सभासदत्वाची अट करू नये. गरजू माणूस मग पैशासाठी प्रार्थनेला येतो, आणि त्यात त्याचीही अप्रतिष्ठा होते आणि प्रार्थनेचीही.

परिणामांबद्दल अवाजवी अपेक्षा ठेवू नयेत. घाना, मलावी आणि युगांडा इथल्या गटांचा मोठा तुलनात्मक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बचत, स्त्रियांचा घरातला निर्णयाधिकार आणि छोटे धंदे यांत सुधारणा दिसली, पण घराचा सरासरी उपभोग वाढलेला दिसला नाही. म्हणजे पेटी सावकार टाळते, मुलांची फी वेळेवर भरायला हात देते; कमाई वाढवायला वेगळं काहीतरी लागतं. आणि आठवड्याला एक शेअरही न परवडणारे, म्हणजे एकटे वृद्ध, दीर्घ आजारी, नुकत्याच विधवा झालेल्या लहान मुलांच्या आया, यांच्यापर्यंत ती पोहोचतच नाही. त्यांच्यासाठी चर्चचा वेगळा मदतनिधी हवा : पाळकांव्यतिरिक्त दोघांच्या सह्या, निर्णय दोन दिवसांत, आणि शक्य तिथे पैसे थेट औषधाच्या दुकानाला किंवा घरमालकाला.

संच घेण्याजोगा आहे, पाचपैकी चार गुण. एक गुण यासाठी कापला की किल्लीवाला गैरहजर असेल तर काय करायचं याचं उत्तर पेटीत नसतं. ते गटाच्या नियमावलीत आधीच लिहून घ्यावं : किल्ली कोणाबरोबर पाठवायची, आणि पेटीवाल्याबरोबर का पाठवायची नाही.