टॉवर सोडून वाट्यांकडे बघितलं, १५० युरो गेले

लिहायला लाज वाटतेय, पण पॅरिसला निघालेल्या आणखी कुणाला तरी माझ्यासारखी टोपी बसण्यापेक्षा हे बरं. आयफेल टॉवरसमोरच्या इएना पुलावर, भर दुपारी, तीन वाट्या आणि एका बॉलने मला गंडवलं. हो, तोच जत्रेतला खेळ. हसून घ्या, आमच्या घरी हसून झालंय.

दिवस पायीच काढायचा ठरवला होता. नोत्र दाम, मग सीनच्या काठाकाठाने लूव्र, त्विलरी बाग, काँकॉर्द चौक. टॉवरपाशी पोचेपर्यंत पाय बोलायला लागले होते. दमलेला माणूस थांबायला निमित्तच शोधतो.

फुटपाथवर चटई, तिच्यावर तीन काळ्या वाट्या, पांढरा बॉल. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका बाईने माझ्यादेखत ५० युरो लावले, १०० घेतले. बॉल कुठे आहे ते मला स्पष्ट दिसत होतं. दिसतंच, तेवढ्यापुरतं खेळवणारा वाट्या मुद्दाम हळू फिरवतो. माझी ५० ची नोट पाकिटातून पुरती निघालीही नव्हती, तोवर त्याने ओढून घेतली. वाटीखाली काही नाही. "डबल लावा, सगळं परत येईल," कॅमेरावाली कानाशी पुटपुटली. १०० गेले. जिंकणारा त्यांचाच माणूस असतो, दर वेळी!

आता जे राहून राहून डोक्यात येतं ते सांगतो. पुलावरचा झाडून प्रत्येक माणूस मान वर करून ३३० मीटरचा टॉवर बघत होता. या कोंडाळ्यातले सात-आठ 'टुरिस्ट' एकदाही वर बघत नव्हते. आणि त्या बाईच्या कॅमेऱ्याच्या लेन्सला झाकण लावलेलं होतं. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या. मागून ही शर्ट ओढत होती, "अहो, चला ना."

मी जुगारी नाही. लॉटरीचं तिकीटसुद्धा कधी घेतलेलं नाही. २६ वर्षं बँकेत नोटा मोजल्या, बोटांची चलाखी आपल्याला कळते हा भ्रम होता, तोच नडला.

शिट्टी वाजली, चटई गुंडाळली, दहा सेकंदांत सगळे पसार. कॅमेरावालीही त्यांच्याबरोबरच. सायकलवरून दोन पोलीस आले. ट्रोकादेरोकडे जाणाऱ्यांच्या पाठी अजून दिसत होत्या, मी बोट करून दाखवत होतो. एकाने एवढंच विचारलं, पैसे तुम्ही स्वतः लावलेत? हो म्हटल्यावर खांदे उडवले. चौकीत १ तास ५० मिनिटं बसवलं. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, हा खेळ बेकायदेशीर आहे. अहो, मग धरा ना त्यांना! भिंतीवर पाकीटमारांपासून सावध राहा म्हणून चित्र लावलंय. म्हणजे पाकीट मारलं असतं तर मी फिर्यादी, हाताने काढून दिलं तर मूर्ख? तक्रारीचा कागद मिळालाच नाही. परत आल्यावर विमावाल्यांना फोन केला. "सर, चोरी झाली का?" नाही, फसवणूक. "मग कव्हर होत नाही." प्रीमियम घेताना हा फरक कुणी सांगितला नव्हता.

मोंमार्त्रच्या टेकडीवर मनगटाला दोरा बांधायला येतात, तिथे हात खिशातच ठेवा. कागद पुढे करून सही मागणाऱ्या मुलींसमोर थांबूच नका; सही करेपर्यंत दुसरीचा हात तुमच्या बॅगेत असतो. रोख पैसे एकाच पाकिटात ठेवू नका. माझं पाकीट तर आता हिच्याकडेच असतं.

दुसऱ्या दिवशी त्याच पुलावरून गेलो. तीच चटई, तीच बाई, ५० लावत होती. लेन्सचं झाकण तसंच.