मातकट रंगांचे तीन पॅनेलचे भित्तिचित्र : उन्हाळा, पावसाळा आणि थंडी पाहिल्यानंतरचा अनुभव

पुण्यातील आमच्या दिवाणखान्यात, सोफ्यामागच्या भिंतीवर, गेल्या मार्चपासून तीन कॅनव्हासांचा एक संच लावलेला आहे. चित्रात एकामागे एक डोंगररांगा आहेत. सर्वांत पुढची गेरूच्या गडद तांबड्या रंगाची, मधली पिवळ्या मातीची आणि शेवटची जवळजवळ वाळूच्या रंगात विरून गेलेली. प्रत्येक कॅनव्हास 18 इंच रुंद आणि 24 इंच उंच आहे, मध्ये 2 इंचांच्या फटी ठेवल्या आहेत, त्यामुळे एकूण रुंदी 58 इंच भरते. किंमत साडेपाच हजार रुपयांच्या आसपास पडली. घरात शांत वाटावे, एवढ्याच हेतूने ही खरेदी केली होती आणि तो हेतू साधला. मात्र त्या शांततेत चित्राइतकाच वाटा मापाचा, प्रकाशाचा आणि भिंतीच्या कोरडेपणाचा आहे, आणि विक्रीच्या वर्णनात यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता.

प्रथम रंगांविषयी. गेरू आणि पिवळी माती हे दोन्ही रंग लोहाच्या संयुगांमुळे येतात आणि पिवळी माती भाजली की तीच तांबडी होते. हे रंग एका कुळातले असल्यामुळे शेजारी शेजारी ठेवले तरी एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. अजिंठ्याच्या चित्रकारांनी बहुतांश काम याच मातीच्या रंगांवर निभावले, कोकण-गोव्यातील देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात कावीची तांबडी नक्षी उठवली गेली आणि वारली चित्रांतील तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग गेरूच्या पार्श्वभूमीवरच उठून दिसतो. तुळशीवृंदावनाला आणि रांगोळीच्या जागेला गेरू लावलेला पाहत वाढलेल्या माणसाला हा रंग भिंतीवर परका वाटत नाही. आमच्याकडे येणारी ज्येष्ठ मंडळी चित्राकडे पाहून काही बोलत नाहीत, पण त्याच्यासमोर निवांत बसतात. माझ्या दृष्टीने हीच त्याची खरी पावती आहे.

एकाच चित्राचे तीन भाग करण्याचा उपयोग होतो का, अशी शंका मलाही होती. उपयोग होतो, पण चित्रातील आडवी रेषा एका पॅनेलमधून दुसऱ्यात अखंड जात असेल तरच. आमच्या नातेवाइकांकडे धावत्या घोड्यांचा पाच पॅनेलचा संच आहे, त्यात प्रत्येक पॅनेलची उंची वेगळी असल्याने नजर सतत वर-खाली होत राहते. उत्साह हवा असेल तिथे तो शोभतो, पण विसाव्याच्या खोलीत समान उंचीचे तीन पॅनेल मला कितीतरी सरस वाटतात.

मापाचा हिशेब सोपा आहे. चित्राची एकूण रुंदी सोफ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असावी. आमचा सोफा 7 फुटांचा असल्याने 58 इंच बरोबर बसले. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर ठेवण्याची संग्रहालयांतील प्रचलित पद्धत उभ्या प्रेक्षकासाठी आहे. घरात आपण बहुतेक वेळ बसलेले असतो, म्हणून आम्ही तो 54 इंचांवर घेतला आणि सोफ्याच्या पाठीपासून चित्राच्या खालच्या कडेपर्यंत 8 इंच जागा सोडली. लावण्यापूर्वी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे भिंतीवर चिकटवून पाहावेत. नव्या इमारतींत भिंती अनेकदा विटांऐवजी काँक्रीटच्या असतात. तिथे साध्या ड्रिलचे काम नाही, हॅमर ड्रिलच मागवावे.

प्रकाशाने जो फरक पडला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खोलीत आधी 6500 केल्व्हिनची पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब होती. तिच्या निळसर उजेडात पिवळी माती राखेसारखी आणि गेरू मळकट दिसत असे, इतका की हेच चित्र आपण निवडले होते का, असा प्रश्न पडावा. 3000 केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि रंग नेमके दाखवणारे, म्हणजे 90 हून अधिक सीआरआय असलेले दिवे बसवल्यावर संध्याकाळी पुढच्या रांगेतला तांबडेपणा परत आला. कॅनव्हासचा पृष्ठभाग मॅट असल्याने त्यावर दिव्याची चमकही येत नाही. चकचकीत छपाईत मातीच्या रंगांचा मऊपणा हरवतो, म्हणून मॅटचाच आग्रह धरावा.

पावसाळ्यात खरी कसोटी लागली. आमची भिंत आतल्या बाजूची असल्याने ओल आली नाही, तरी मधला कॅनव्हास किंचित सैलावला. चौकट पाइन लाकडाची होती आणि तिच्या मागच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरा होत्या. त्या हलक्या हाताने ठोकल्यावर ताण पुन्हा आला. मागे हवा खेळावी म्हणून चारही कोपऱ्यांना रबराच्या छोट्या गुट्ट्या लावल्या आहेत. शयनकक्षासाठी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून घेतलेला एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, चिकटवलेला स्वस्त संच मात्र बाहेरच्या भिंतीवर टिकला नाही. ऑगस्टमध्ये त्याच्या कडा फुगल्या आणि छापील थर सुटू लागला. त्याच्यासोबत आलेले चिकट हूकही डिस्टेंपरचे पोपडे घेऊन निघाले.

घेणाऱ्याने शाईविषयी अवश्य विचारावे. खरा गेरू उन्हाने विटत नाही, पण छापील तपकिरी रंग निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शायांच्या मिश्रणातून तयार होतो. त्यांतील एक शाई लवकर उडाली की सगळा तपकिरी रंग हिरवट किंवा गुलाबी दिसू लागतो. डाय प्रकारच्या शाईपेक्षा पिगमेंट शाई पुष्कळ टिकाऊ असते, म्हणून आम्ही तीच मागितली आणि चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर येणार नाही असे पाहिले. एका कॅनव्हासच्या मागे वळवलेल्या कडेशी, जो भाग भिंतीकडे असतो, समोरचा रंग पडताळून पाहिला. अद्याप फरक दिसत नाही.

देखभाल फारशी नाही: आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपायची, ओला फडका लावायचा नाही. ज्यांच्या भिंती आधीच गडद रंगाच्या आहेत किंवा ज्यांच्याकडे त्याच भिंतीवर घड्याळ, दिनदर्शिका आणि कुटुंबाची छायाचित्रे आहेत, त्यांनी हा संच घेण्याआधी ती भिंत रिकामी करता येईल का, हे पाहावे. आम्ही घड्याळ जेवणघरात हलवले, आणि तेवढ्यानेच डोंगरांना दोन्ही बाजूंनी मोकळी जागा मिळाली.