प्लेस्टेशन ५ (पीएस५) साठी डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्स (१ टीबी, हीटसिंकसह): जागा मिळते, वेग आधीच होता

लोडिंगचा वेळ आणखी घटवायला ही एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा साठवणारी डिस्क) घेत असाल, तर पैसे खिशातच राहू द्या. जागा पुरत नसेल तर मात्र बिनधास्त घ्या. पहिल्या पीएस५ वर ८२५ जीबी लिहिलेलं असलं तरी हाताशी येतात साधारण ६६७. मोठे सहा-सात गेम टाकले की वन रूम किचनमध्ये पाहुणे आल्यासारखी गत : एकाला बसवायचं तर दुसऱ्याला उठवा.

खोक्यावर वाचनाचा वेग सेकंदाला ७,३०० एमबी छापलाय, कन्सोलच्या मूळ डिस्कचा ५,५००. खेळताना हा फरक जाणवत नाही. गेम मूळ डिस्कच्या हिशेबानेच बांधलेले असतात, आणि डिस्कवरून डेटा आला तरी त्यातून जग उभं करणं हे प्रोसेसरचं काम. ‘जीटीए ऑनलाइन’च्या पीसी आवृत्तीत मिनिटांवर चालणारी प्रतीक्षा होती; २०२१ मध्ये कळलं की सुमारे १० एमबीची एक यादी कोड फार ढिसाळपणे वाचत होता. तेवढं सुधारल्यावर वेळ ७० टक्क्यांच्या आसपास घटला. डिस्कचा काही दोषच नव्हता.

हार्ड डिस्कच्या काळात वेळ वाचवायला जागा उधळावी लागे. फिरत्या तबकडीवरून डेटा वाचणारं हेड सारखं इकडून तिकडे फिरू नये म्हणून पीएस४ च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये काही वस्तूंच्या डेटाच्या ४०० पर्यंत प्रती होत्या! एसएसडीने ती गरज संपवली. पण २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मधल्या अरुंद फटी? त्या पुढचा भाग लोड होईस्तोवर वेळ काढायलाही होत्या. डिस्क कितीही पळो, गेमचा नायक क्रेटोस तिथून त्याच चालीने सरकतो.

स्वस्तातल्या, डीरॅम (कुठला डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी वेगवान मेमरी) नसलेल्या एसएसडी कॉम्प्युटरची रॅम उसनी घेतात. पीएस५ ही उसनवारी देत नाही. एसएन८५०एक्समध्ये स्वतःची डीरॅम आहे, जादा पैसे त्याचे.

बसवायला क्रमांक १ चा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो. आधी सिस्टिम सॉफ्टवेअर अपडेट करा, कन्सोल पूर्ण बंद करून वायर काढा, प्लेट सरकवा, स्लॉटचं झाकण उघडा. चूक होते ती पुढे : डिस्कच्या टोकाखाली बसणारा छोटा स्पेसर ११० (मिमी) च्या खाचेत तसाच राहतो आणि २२८० ची, म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब डिस्क वाकवून स्क्रू आवळला जातो. स्पेसर ८० वर आणा, डिस्क तिरकी आत ढकला, मग दाबून स्क्रू लावा. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) नसलेलं मॉडेल घेऊन वर सुटा हीटसिंक लावणार असाल तर बोर्डाच्या वर ८ मिमी हीच मर्यादा. जास्त झालं की झाकण बसत नाही. हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवरची (उष्णता पोहोचवणाऱ्या मऊ पट्टीवरची) पारदर्शक फिल्म न काढणारेही कमी नाहीत. सुरू केल्यावर कन्सोल फॉरमॅट करायला सांगतो. ही डिस्क दुसऱ्या पीएस५ मध्ये नेली तर तिथेही फॉरमॅट, म्हणजे गेम पुन्हा डाउनलोड.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेताना खोक्यावरचा आणि डिस्कवरचा सीरियल नंबर काउंटरवरच जुळवा, आणि तो छापलेलं जीएसटी बिल मागा. पाच वर्षांची वॉरंटी आहे. कच्च्या पावतीवर ती मागायला गेलात तर हेलपाटे तुमचेच.