आटत्या धरणावर बासचा गळ: ॲल्बर्ट फॉल्सवरील एका बोट-सेवेचे परीक्षण

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात, पीटरमारिट्झबर्गहून ग्रेटाउनकडे जाणाऱ्या रस्त्यावर ॲल्बर्ट फॉल्स नावाचे धरण आहे आणि तेथे लार्जमाउथ बास या माशासाठी हौशी लोकांना दिवसभर बोटीतून गळ टाकायला नेणाऱ्या काही खासगी सेवा चालतात. त्यांपैकी एका सेवेविषयी मी लिहीत आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ती चालवणारे गृहस्थ पाण्यात सापडणाऱ्या बेकायदा जाळ्यांची माहिती नेमाने कळवतात, त्यावरून त्यांना दमदाटीही झालेली आहे आणि जाहीर लिखाणात आपली ओळख येऊ नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. डर्बन किंवा जोहान्सबर्गला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गळाचा नाद आहे, त्यांनी वाटाड्या निवडताना कोणत्या कसोट्या लावाव्यात, हे मात्र पुढील मजकुरावरून ठरवता येईल.

आधी धरणाविषयी. उमन्गेनी नदीवर मिडमार, ॲल्बर्ट फॉल्स, नागल आणि इनांडा अशी एकाखाली एक चार धरणे आहेत आणि डर्बन व पीटरमारिट्झबर्ग या दोन्ही शहरांची तहान प्रामुख्याने याच साखळीवर भागते. ॲल्बर्ट फॉल्स 1976 साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे 29 कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा टीएमसीच्या थोडी वर, जवळजवळ पानशेतएवढी आहे. फरक असा की पानशेत डोंगरांच्या बेचक्यात उभे आहे, तर हे धरण माळरानावर पसरलेले आहे, त्यामुळे पातळी हातभर उतरली तरी काठ कितीतरी दूर सरकतो. खालच्या नागल धरणातून डर्बनला पाणी जाते आणि नागल भरते ठेवण्यासाठी ॲल्बर्ट फॉल्समधून विसर्ग करावा लागतो. पाऊस दगा देतो तेव्हा शहराचे नळ चालू राहतात आणि हे धरण मात्र रिकामे होत जाते. 2015 नंतरच्या मोठ्या दुष्काळात येथील साठा 30 टक्क्यांच्याही खाली गेला होता आणि वरचे मिडमार सावरल्यानंतरही येथील पातळी बराच काळ रेंगाळली. उजनी उणे पातळीत गेल्यावर काठावरच्या गावांत काय चर्चा होते हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या धरणाची गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही.

आम्ही गेलो ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिथला कोरडा हिवाळा संपून पावसाळा अजून लागायचा होता तेव्हा. पाणी उतरलेले होते. बोट उतरवण्याचा सिमेंटचा उतार पाण्यापर्यंत पोहोचतच नव्हता. त्याच्या टोकापासून पुढे भेगाळलेला तांबडा गाळ होता आणि त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल चर पडले होते. याच ठिकाणी मला या सेवेतील पहिली उणीव दिसली. नोंदणी करताना पातळीविषयी एक अक्षरही सांगितले गेले नव्हते, त्यामुळे आम्ही साध्या बुटांत आलो आणि नडगीपर्यंत चिखलात रुतलो. ज्या धंद्याचा सारा डोलारा पाण्याच्या उंचीवर उभा आहे, त्याने त्या दिवशीची उंची ग्राहकाला आदल्या दिवशी कळवणे ही किमान अपेक्षा आहे.

बोट मात्र उत्तम होती आणि सामान त्याहून उत्तम. पुढच्या टोकाला विजेवर चालणारी, आवाज न करणारी छोटी मोटर, तळ दाखवणारा फिशफाइंडर, पकडलेला मासा काही वेळ जिवंत ठेवण्यासाठी खेळत्या पाण्याची टाकी, आणि नवख्या माणसालाही झेपेल अशा बेताच्या लांबीच्या काठ्या. रीळ स्वच्छ तेलपाणी केलेले होते, आणि भाड्याच्या सामानात हे क्वचितच पाहायला मिळते. गळ बांधण्याची पद्धत सेवा चालवणाऱ्या गृहस्थांनी, म्हणजे आमच्या वाटाड्यांनी, सावकाश करून दाखवली: दोऱ्यात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन ओवायचे, मग रुंद वाकाचा गळ बांधायचा, त्यावर रबरासारख्या मऊ प्लास्टिकची अळी चढवायची आणि गळाचे टोक बाहेर न ठेवता अळीच्याच अंगात दडवायचे. त्यामुळे बुडालेल्या झुडपांतून गळ अडकल्याशिवाय सरकतो आणि माशाने चावा घेतला की झटक्यासरशी टोक बाहेर येते. माझे मेहुणे इंदापूरचे, लहानपणापासून भीमेवर गांडूळ लावून मासे धरलेले. त्यांना ही अळी पाहून आधी हसू आले होते.

तथापि पैसे मोजावेत असे या सेवेत जे आहे, ते बोटीत किंवा सामानात नाही. मोठ्या दुष्काळात धरण उघडे पडले तेव्हा हे गृहस्थ कोरड्या तळावरून पायी हिंडले होते. बुडित जमिनीवरचे जुने कुंपण, तारा गेल्या तरी उभे राहिलेले दगडी खांब, शेतातील पाट, वठलेल्या झाडांचे बुंधे, नदीच्या मूळ पात्राची कडा, या सगळ्यांची छायाचित्रे त्यांनी काढली आणि प्रत्येक जागेची जीपीएसवर खूण केली. आज बोटीवरच्या पडद्यावर तो सगळा नकाशा दिसतो. पाणी उतरू लागले की बास काठची उथळ जागा सोडून अशा कडांवर आणि बुंध्यांपाशी जमा होतो. त्यामुळे ज्याला तळ ठाऊक आहे तो काठाकडे पाहतही नाही. एका ठिकाणी त्यांनी बोट थांबवून आम्हाला चहूबाजूंनी सारख्याच दिसणाऱ्या सपाट पाण्यात एका विशिष्ट दिशेला गळ टाकायला सांगितले आणि तिसऱ्या-चौथ्या फेकीला मेहुण्यांच्या दोऱ्याला ताण आला. हिरवट अंग, कुशीवरून गेलेला तुटक काळा पट्टा आणि डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला जबडा: दोन किलोच्या आतबाहेरचा बास होता. वाटाड्यांनी हात ओले करून, जबड्याबरोबर पोटालाही आधार देऊन तो धरला, फोटो काढू दिला आणि लगेच सोडला. वजनदार मासा नुसत्या ओठाला धरून उभा लोंबकळवला तर त्याच्या जबड्याला इजा होते, हे त्यांनी न विचारता सांगितले.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा तेथील वसंत आणि बासच्या विणीचा काळ. नर उथळ पाण्यात तळावर शेपटीने गोलाकार जागा साफ करतो, मादी तेथे अंडी घालून निघून जाते आणि पिल्ले बाहेर पडून सावरेपर्यंत नरच राखण करतो. धरणातून विसर्ग चालू असेल आणि पातळी झरझर उतरली तर ही घरटी पाण्याबाहेर पडतात. ओळीने दोन-तीन कोरडे वसंत गेले की मधल्या वयाचे मासेच धरणात उरत नाहीत. दुष्काळाचे हे नुकसान त्या वर्षी दिसत नाही, नंतर दिसते. राखण करणाऱ्या नरासमोर काहीही टाकले तरी तो त्वेषाने चावतो, म्हणून काही सेवा या दिवसांत खास घरट्यांवर ग्राहकांना नेतात आणि भरपूर मासे लागल्याची छायाचित्रे झळकवतात. आमच्या वाटाड्यांनी दिसणाऱ्या घरट्यावर गळ टाकायला सरळ नकार दिला. नर काही मिनिटे जरी बाजूला झाला तरी दुसरे मासे अंडी फस्त करतात, एवढेच त्यांचे म्हणणे. मी या सेवेला पहिल्या क्रमांकाचे गुण याच नकारासाठी देईन, आमच्या वाट्याला त्यामुळे मासे कमी आले तरीही.

दुपारनंतर एका खाडीच्या, म्हणजे काठात आत शिरलेल्या धरणाच्या पाण्याच्या फाट्याच्या, तोंडाशी जाळे दिसले. आधी पाण्यावर ओळीने तरंगणारे काहीतरी दिसले. जवळ गेल्यावर ते जुन्या रबरी चपलांचे कापलेले तुकडे आणि बुचे घट्ट लावलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या असल्याचे कळले. खाली बारीक नायलॉनचे, तीन बोटे जातील एवढ्या आसाचे, म्हणजे छिद्राचे, जाळे खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेले होते. या जातीचे जाळे पाण्यात दिसत नाही. माशाचे डोके आसातून पलीकडे जाते, अंग जात नाही, आणि मागे फिरू गेला की कल्ले अडकतात. वाटाड्यांनी हुकाने जाळ्याची थोडी लांबी वर उचलली. त्यात काही तिलापिया होत्या, एक कार्प होता, मिशाळ कॅटफिश होता आणि अंड्यांनी पोट फुगलेली बासची एक मादी होती. कॅटफिश सोडला तर सगळे मेलेले. मेहुणे वाकून पाहत म्हणाले, “दाजी, ही तर आपली चिलापी!” ते खरेच होते: उजनीच्या काठी जिच्यावर कित्येक घरे चालतात, त्या चिलापीतील मोझांबिक तिलापिया ही जात मूळची आफ्रिकेच्या याच आग्नेय भागातील, आणि ती भारतात 1952 साली आणली गेली. तो कॅटफिशही आपल्या ओळखीचा, म्हणजे ज्याच्या पालनाला भारतात बंदी आहे तो थाई मांगूर. तेथे मात्र तो नदीचा मूळ रहिवासी आहे.

वाटाड्यांनी जाळे कापले नाही. जागेची नोंद घेतली, छायाचित्रे काढली आणि धरण-परिसराचे व्यवस्थापन पाहणाऱ्यांना तेथूनच कळवले. जाळ्याचा मालक काठावरून पाहत असण्याची शक्यता असते आणि बोटीत ग्राहक असताना वाद ओढवून घेणे योग्य नाही, हे त्यांचे कारण मला पटले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे जाळी दोन तऱ्हेची असतात. एक, काठच्या वस्तीतील माणसाने घरच्या कालवणासाठी टाकलेले तोकडे जाळे. दुसरे, रात्री ट्यूबच्या तराफ्यांवरून टाकलेली आणि पहाटे मासळीसकट गाडीत भरून नेली जाणारी लांबच लांब जाळी. पाणी भरलेले असते तेव्हा खाड्यांची तोंडे रुंद असतात आणि माशाला वाट मिळते; पाणी उतरले की तेच मासे थोड्या पाण्यात कोंडले जातात, तोंडे अरुंद होतात, आणि एवढेच जाळे अख्खी खाडी बंद करते. दुष्काळ आणि चोरटी मासेमारी ही दोन वेगळी संकटे म्हणून मोजण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. वाहून गेलेले किंवा टाकून दिलेले जाळे तर कुणाच्याही उपयोगाशिवाय मासे मारत राहते.

येथे हौशी गळकऱ्यांची बाजू निखळ स्वच्छ आहे, असे मी म्हणणार नाही. काठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगत आले. खालच्या इनांडा धरणाने तर खोऱ्यातील कित्येक कुटुंबांना उठवले. अंतर्गत जलाशयांवर पोटासाठी मासे धरणाऱ्यांना कायद्यात जागा हवी, ही गोष्ट तेथील सरकारी धोरणाने 2021 साली मान्य केली, म्हणजे फारच उशिरा. शिवाय बास हा मासाच परका आहे. तो उत्तर अमेरिकेतून युरोपमार्गे 1928 साली दक्षिण आफ्रिकेत आला आणि हौसेखातर जलाशयांत सोडला गेला. पश्चिम केपच्या नद्यांतील छोट्या देशी माशांचा बास कुळाने इतका फडशा पाडला की रोंडेगॅट नदीच्या एका टप्प्यातून स्मॉलमाउथ बास काढून टाकण्यासाठी 2012 साली पाण्यात रोटेनोन हे विष सोडावे लागले. आमच्या वाटाड्यांनी हे सगळे स्वतःहून सांगितले. वाहत्या नदीत बास नकोच, पण चारी बाजूंनी बांधलेल्या या जलाशयात त्याच्यावर बोटवाले, मुक्कामाची ठिकाणे आणि सामानाची दुकाने यांचा संसार चालतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो पूर्ण पटला नाही, मात्र ग्राहकासमोर आपल्याच धंद्याची अडचणीची बाजू मांडणारा वाटाड्या विरळा.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. शुल्क दोघांत वाटूनही डर्बनमधील बऱ्या हॉटेलातील दोन रात्रींच्या घरात जाते. त्यात इंधन, सामान आणि धरणाचा प्रवेश धरलेला आहे. जेवण म्हणून मिळणारे सँडविच सुमार आहे आणि शाकाहारी माणसासाठी त्यातले मांस काढून टाकणे एवढीच सोय. घरून पोळी-भाजी न्यावी. डोक्यावर सावली नाही. मुलांच्या मापाची जीवरक्षक जॅकेटे मात्र होती आणि ती बोट निघण्याआधी घालायलाच लावली गेली.

सर्वांत मोठी तक्रार पैसे परत करण्याच्या नियमाविषयी आहे. वादळी वारा किंवा पाऊस असल्यास दुसरी तारीख मिळते, परंतु पातळी इतकी उतरली की बोट उतरवणेच अशक्य झाले, तर काय, याचे उत्तर त्यांच्या लेखी अटींत कोठेही नाही. विचारल्यावर तोंडी आश्वासन मिळाले. ज्यांना जायचे आहे त्यांनी शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये जावे, तेव्हा पावसाळ्याचे पाणी धरणात असते आणि विणीचा हंगामही नसतो. सप्टेंबरमध्येच जाणे भाग असेल, तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्या आठवड्याची पातळी, उताराची स्थिती आणि घरट्यांवर गळ टाकणार का, या तिन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि पातळीमुळे फेरी रद्द झाल्यास रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे.