हायड्रोसायकिडी की फिलोपोटॅमिडी? कॅडिसच्या अळीचं कुळ ठरवताना

पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात सह्याद्रीतले ओढे नितळ होतात. खळाळत्या पाण्यातला मुठीएवढा गोटा उचलून उलटा केला, की खालच्या बाजूला बारीक खडे चिकटवून केलेला आडोसा किंवा चिखलाच्या शेंबडासारखं काहीतरी लोंबताना दिसतं. चिमट्याने हळूच उचकलं की आतून सहा पायांची, शेपटाशी दोन आकडे असलेली अळी बाहेर येते. ही कॅडिसमाशीची, म्हणजे पाण्याकाठच्या पतंगासारख्या दिसणाऱ्या एका किड्याची अळी. खड्यांचं किंवा पानांचं फिरतं घर ओढत नेणारी नसेल, तर वाहत्या पाण्यात बहुतेक वेळा निवड हायड्रोसायकिडी आणि फिलोपोटॅमिडी या दोन कुळांतच करावी लागते.

ही निवड नुसती नावापुरती नाही. पाण्याची प्रत ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ब्रिटिश बीएमडब्ल्यूपी गुणपद्धतीत फिलोपोटॅमिडीला ८ गुण आहेत, हायड्रोसायकिडीला ५. पहिलं कुळ स्वच्छ पाण्याचं, दुसऱ्यातल्या बऱ्याच जाती थोडी घाण सोसतात. कुळ चुकलं तर ओढ्याचा अहवाल चुकतो.

सुरुवात पाठीपासून करा. अळी बशीत थोड्या पाण्यात घ्या आणि १० पट भिंगाखाली डोक्यामागचे तीन खंड पाहा, म्हणजे जिथे पाय जोडलेले असतात तो वक्षाचा भाग. हायड्रोसायकिडीत तिन्ही खंडांच्या पाठीवर टणक, तपकिरी ढाली असतात. फिलोपोटॅमिडीत फक्त पहिल्या खंडावर ढाल असते आणि तिची मागची कड बहुधा काळ्या रेघेसारखी उठून दिसते. त्यामागचं सगळं अंग मऊ, पांढरट. एकाच ढालीची अळी असेल, तर हायड्रोसायकिडी तिथेच बाद.

मग अळी उताणी करा. हायड्रोसायकिडीच्या पोटाखाली फांद्या फुटलेल्या कल्ल्यांचे झुबके असतात, आणि शेपटाच्या दोन्ही आकड्यांशी लांब केसांचा कुंचला. जिवंत अळी पोट हलवते तेव्हा ते झुबके पाण्यात झुलतात. फिलोपोटॅमिडीचं पोट साफ असतं, कल्ले नाहीत. एक सांभाळा: नुकत्याच अंड्यातून निघालेल्या हायड्रोसायकिडीलाही कल्ले नसतात. अगदी बारक्या अळीत कल्ले दिसले नाहीत म्हणून निकाल देऊ नका, ढाली मोजा.

फिलोपोटॅमिडीची खरी खूण मात्र तोंडात आहे. पहिल्यांदा ती नीट दिसली तेव्हा मी कितीतरी वेळ भिंगावरून डोळा काढला नव्हता. नारिंगी-पिवळं लांबट डोकं, आणि त्याच्या पुढे वरचा ओठ: पांढरा, मऊ, पातळ, टोकाला दोन्हीकडे पसरून इंग्रजी टी अक्षरासारखा झालेला. या ओठाने अळी आपल्या जाळ्यावर साचलेला सूक्ष्म गाळ झाडून घेते आणि खाते. हायड्रोसायकिडीचा वरचा ओठ टणक असतो, असा पसरत नाही.

जाळीही साक्ष देते. फिलोपोटॅमिडी दगडाखाली मोज्याच्या बोटासारख्या लांब रेशमी नळ्या विणते. त्यांची वीण काही मायक्रॉनची, म्हणून बाहेर काढल्यावर त्या नुसत्या चिकट शेंबडासारख्या गोळा होतात. हायड्रोसायकिडीचं जाळं आडोशाच्या तोंडाशी प्रवाहाला आडवं ताणलेलं, चौकोनी वीण भिंगातून मोजता येण्याइतकी ठसठशीत. पण दगड उचलताना हे सगळं मोडतं, तेव्हा जाळीवर एकटी भिस्त ठेवू नका. रंगावर तर मुळीच नको. अल्कोहोलात ठेवलेल्या नमुन्याचा रंग उतरतो, ढाली मात्र तशाच राहतात.

फसवणारे नातेवाईक थोडे आहेत. तीन ढाली आहेत पण कल्ले नाहीत आणि शेपटाला कुंचलाही नाही, तर एक्नोमिडी असू शकते. तीन ढाली, अळी जेमतेम ४-५ मिलिमीटर आणि पोट फुगीर असेल, तर हायड्रॉप्टिलिडी. एकच ढाल आहे, पण वरचा ओठ टणक आहे, तर फिलोपोटॅमिडी नव्हे, पॉलिसेंट्रोपोडिडीकडे वळा. आणि एकच ढाल असलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी दांडगी अळी, जिचं डोकं रुंदीपेक्षा खूपच लांब आहे, ती स्टेनोसायकिडी. पश्चिम घाटात हेही कुळ आहे.

प्रौढ माशी दिव्यावर मिळाली तर काम सोपं. डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये तीन मण्यांसारखे साधे डोळे शोधा. फिलोपोटॅमिडीला ते असतात, हायड्रोसायकिडीला नसतात. माशी ताजी असेल तर डोक्यावरचे केस ओल्या कुंचल्याने बाजूला करा, नाहीतर ते झाकलेलेच राहतात. स्टेनोसायकिडीलाही हे तीन डोळे असतात, एवढं लक्षात असू द्या.

बाटलीत चिठ्ठी टाकताना कुळाच्या नावासोबत काय पाहिलं तेही पेन्सिलने लिहा: ढाली किती, कल्ले आहेत का, ओठ कसा. शाई अल्कोहोलात पसरते. आणि अळीचं डोकंच तुटलेलं असेल, ढाली मोजता येत नसतील, तर चिठ्ठीवर फक्त ‘कॅडिस’ लिहा आणि गुणांच्या बेरजेत ती धरू नका.