बुटीबोरीच्या थिनर शेडमधले यूव्ही फ्लेम डिटेक्टर, एक उन्हाळा अन् एक पावसाळा वापरून

आमच्या युनिटमध्ये बुटीबोरीला थिनर भरायची शेड आहे, तिथं यूव्ही फ्लेम डिटेक्टर लावले, म्हणजे ज्वालेतले अल्ट्राव्हायोलेट (अतिनील) किरण पाहून आगीचा अलार्म देणारे सेन्सर. घ्यायच्या आधी मराठीत कुठंच धड माहिती भेटली नाही म्हणून लिहून राहिलो.

पहिले उन्हाचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. मे महिन्यात ४५ डिग्रीत ऊन सरळ शेडच्या तोंडातून आत येते, पत्र्याला हात लावता येत नाही, पण उन्हापायी एकदाही फॉल्स अलार्म नाही आला. हा सेन्सर साधारण १८५ ते २६० नॅनोमीटर एवढंच बघते अन् सूर्याचा तेवढा भाग वर ओझोनच खाऊन टाकते, जमिनीवर पोचतच नाही. अन् स्पीड बाप्पा, जबरदस्त! टेस्ट लॅम्प (तपासणीसाठी यूव्ही किरण सोडणारा दिवा) दाखवला की पॅनेलवर लगेच लाल. स्पिरिटची ज्वाला भर दुपारी डोळ्याला दिसत नाही, ती पण हे पकडते.

आता त्रास. आर्क वेल्डिंग, त्यातून पण हेच किरण निघतात. समोरच्या शेडमध्ये कोणी रॉड लावला अन् तो डिटेक्टरच्या नजरेत असला की झाली ट्रिप. तेव्हा वेल्डिंगच्या परमिटवरच डिटेक्टर आयसोलेट (तात्पुरता बंद) केल्याची सही घ्या, अन् तेवढा वेळ एक माणूस एक्स्टिंग्विशर घेऊन तिथंच उभा पाहिजे, याच्यात कंजूषी नको. तुमच्याकडं रोजच वेल्डिंग असेल तर यूव्ही-आयआर कॉम्बो (यूव्हीसोबत इन्फ्रारेड किरण पण बघणारा) घ्या, दोन्ही सेन्सरनं हो म्हटल्याशिवाय तो ओरडत नाही.

दुसरं म्हणजे विंडो. साधी काच हे किरण अडवते म्हणून पुढं क्वार्ट्झ असते, धूळ बसू नये म्हणून वरून काच किंवा अ‍ॅक्रिलिक लावाल तर डिटेक्टर आंधळाच. तेलकट थर बसला तरी तेच. आमच्या फिलिंग हेडजवळचा एक दिसायला एकदम चकचकीत होता पण टेस्ट लॅम्पला काही केल्या उठेना, आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) भिजवलेला कापूस फिरवला तर पिवळसर निघाला, अन् मग पहिल्याच झटक्यात उठला. दाट धुरातून पण याला दिसत नाही, म्हणून जिथं आधी नुसता धूर होते अशा मालाच्या गोडाऊनला हा घेऊ नका.

सर्टिफिकेटचं नीट वाचा भाऊ. डीलरनं पेसोचा (पेट्रोलियम अन् स्फोटकांच्या सुरक्षेचं सरकारी खातं) कागद दाखवला अन् म्हणे सगळं सर्टिफाइड आहे. पेसोचं हेड ऑफिस आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला, त्यामुळं इकडं त्या नावावर कोणी पुढं विचारतच नाही. पण तो कागद फ्लेमप्रूफ बॉडीचा असते, म्हणजे आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटणार नाही एवढंच. आग दिसते का, किती लांबून दिसते, याच्यासाठी ईएन ५४-१० (फ्लेम डिटेक्टरचं युरोपचं स्टँडर्ड) नाहीतर एफएम ३२६० (तसंच अमेरिकेचं) मागा. ईएनमध्ये हेप्टेन अन् स्पिरिटची आग लावून टेस्ट करतात, क्लास १ म्हणजे २५ मीटर, क्लास २ म्हणजे १७, क्लास ३ म्हणजे १२. आमच्या डीलरनं हा कागद द्यायला फोनवर फोन करायला लावले, माणसं आत काम करून राहिली असताना असा टाइमपास मला बिलकुल पटला नाही.

फिटिंगवाला पोरगा मात्र हुशार, पाण्याचा विचार करून केबल ग्लँड (वायर आत जायची जोडणी) खालून घेतले अन् प्रत्येक डिटेक्टरचा अँगल उभं राहून तपासला. डिटेक्टरला पाचपैकी साडेचार, डीलरला दोन. ऑर्डर देताना टेस्ट लॅम्प त्याच बिलात घ्या अन् कागद हातात आल्याशिवाय शेवटचं पेमेंट सोडू नका.